लाखेखालचं बूच

मी एक बूच आहे. आमच्या जातीचं काम तोंड बंद ठेवण्याचं, त्यामुळे बोलायची सवय नाही. तरीही आज बोलतोय, कारण एका घरात माझ्या हातून एक चूक झाली. मला हात नाहीत, पण बोलायची पद्धत आहे. त्या चुकीचा सगळा दोष एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर घेतला आणि माझ्या वाटणीचा माझ्याकडे कोणी मागितलाच नाही. न मागितलेला दोष फार जड असतो.

माझा जन्म झाडाच्या सालीतून झाला. ओकच्या जातीचं झाड, साल बोटभर जाड आणि मऊ. झाड न तोडता ती सोलून काढतात आणि झाड नऊ-दहा वर्षांत पुन्हा नवी साल धरतं. मला हे आठवतं असं नाही, ऐकीव आहे. साल उकळली, वाळवली, आणि एका यंत्राने तिच्यातून आम्हाला एकेक करून ठोकून काढलं. पुढे आम्हाला निवडायला एक बाई बसली होती. तिने मला दोनदा फिरवून पाहिलं. माझ्या कुशीत एक बारीक चीर होती, केसाएवढी. ती क्षणभर थांबली आणि मग मला चांगल्यांच्या टोपलीत टाकलं. तो तिचा क्षणभराचा विचार मी अजून करतोय.

तिथून मी एका द्राक्षमळेवाल्याकडे आलो. त्याला मी धाकटा म्हणेन, कारण या गोष्टीत तो एका मोठ्या भावाचा धाकटा भाऊ आहे. वय साठीच्या पुढचं, नखांत माती, कानावर पेन्सिल. त्याने हातयंत्राचा दांडा ओढून मला बाटलीच्या गळ्यात बसवलं, वर मेण चढवलं. मेणात थोडी लाख मिसळलेली, म्हणून रंग विटकरी. मग बाटली आडवी करून तळघरात ठेवली. बाटली आडवी असली की वाइन माझ्या अंगाला लागून राहते, मी ओला राहतो, फुगलेला राहतो, आणि वाऱ्याला वाट मिळत नाही. दहा महिने मी असा पडून होतो. काम म्हटलं तर काहीच नाही, म्हटलं तर अखंड.

एके दिवशी धाकट्याने बाटली उचलली, तिच्या पोटावर हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली आणि मुलीच्या हवाली केली. "काकांकडे दे. आडवी धर. आणि त्यांनी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस, मीच येऊन देईन."

मुलीने मला टॉवेलात गुंडाळून सात तासांचा प्रवास केला आणि एका गल्लीतल्या तळमजल्याच्या घराची बेल वाजवली.

दार उघडलं ते सरांनी. शेजारपाजारचे, दूधवाला, औषधांच्या दुकानातला माणूस, सगळे त्यांना सरच म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातही उष्णता हा त्यांचा खास विषय. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून चिठ्ठी वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

"दादा, ही माझी अकराव्या हंगामाची. प्रवासाने वाइन हलते, तिला तीन आठवडे निवांत पडू दे. एकविसाव्या दिवशी मी येतो. दोघं मिळून उघडू. तोवर सांभाळ."

"अकरा वर्षांनी येतोय," सर म्हणाले.

"येतोय ना," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. पुतणी त्यांना काकू म्हणत होती, म्हणून मीही म्हणतो. "आता ती दारात धरून उभे राहू नका."

अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला त्या घरात तुकड्यातुकड्यांनी कळलं. सरांनी शब्द टाकून धाकट्याला शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लावून दिली होती. ती सोडून धाकटा द्राक्षं लावायला गेला. पहिली वाइन तयार झाली तेव्हा त्याने पंचवीस माणसं बोलावली, व्याही, बँकेचे साहेब, जुने सहकारी, आणि पहिला पेला दादाच्या हातात दिला. सरांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "व्हिनेगर झालंय. काचा पुसायला उत्तम."

लोक हसले. धाकटाही हसला म्हणे. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

तर आता ही बाटली एकवीस दिवस नीट ठेवायची होती. एवढंच. सरांना मात्र ती परीक्षा वाटली, आणि परीक्षा म्हटली की त्यांची झोप जाते. त्यांनी वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. वाइन गार जागी ठेवावी, अंधारात ठेवावी, हलू देऊ नये, तापमानात चढउतार नको, असं तिन्ही पुस्तकांत होतं. वाचायला लागलं ते एक दुपारभर. कुठे ठेवायची हे ठरवायला पाच दिवस लागले.

त्या पाच दिवसांत सरांनी घरातल्या प्रत्येक खोलीचं तापमान मोजून वहीत लिहिलं. रोज सकाळी सात वाजता, कारण चौतीस वर्षं ते मुलं यायच्या आधी, सात वाजताच, प्रयोगशाळेतली मापं घेत आले होते. सातला स्वयंपाकघरात चहाचं आधण असायचं, म्हणून ते बाद. झोपायच्या खोलीत रात्रभर दोन माणसांचा श्वास, म्हणून तीही बाद. फ्रीजच्या डोक्यावर ऊब आणि थरथर. अडगळीची खोली मात्र सगळ्यांत गार निघाली, एकोणीस अंश, पाचही दिवस. खिडकी नाही. कोणी जात-येत नाही. पलीकडच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सरांनी गठ्ठे हलवून जागा केली.

"तिथे नका ठेवू," काकू दारातून म्हणाल्या.

"का?"

"ती भिंत तापते. पलीकडे लाँड्री आहे. मी ओली फडकी तिथेच टाकते, दोन तासांत खडखडीत."

"एकोणीस अंश आहे, अगं. पाच दिवसांची मापं आहेत."

"तुमची मापं सकाळची. माझी फडकी दुपारची."

सर हसले. त्यात तुच्छता नव्हती, खरं सांगतो. वही हातात असलेल्या माणसाचं हसणं होतं ते. त्यांनी बाटली फळीवर आडवी ठेवली, माझं तोंड भिंतीकडे, आणि दार लावून घेतलं.

साडेनऊला पलीकडे लाँड्रीचा बॉयलर लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, खोलीत कोणी दिवा लावलाय. मग कळलं, भिंत तापत होती. माझ्यापासून चार बोटांवर. फळी बारीक थरथरत होती, आणि माझ्या मागची वाइन पसरायला लागली. वाइन तापली की तिला जागा लागते आणि बाटलीत जागा नसते. मग ती माझ्याकडे बघते. मी अंग ताठ करून बसलो. संध्याकाळी सहाला बॉयलर विझला, रात्रभर सगळं निवलं, वाइन मागे सरली. सकाळी सातला सर आले, बॅटरीच्या उजेडात तापमापी पाहिली, "एकोणीस," म्हणाले आणि वहीत लिहून गेले.

असं रोज. दिवसा ढकलणं, रात्री ओढणं. लाँड्रीला आठवड्याची सुट्टी असे तेवढा एक दिवस मला विसावा. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो का? ठाऊक नाही. सर रोज इतक्या कौतुकाने बघून जात होते की बोलायचा धीर झाला नसता.

सकाळी माप घेऊन झालं की सर तिथेच स्टुलावर बसायचे. काही तरी तयारी करायचे. गळा साफ करून, हलक्या आवाजात, जणू समोर भाऊ आहे. "हे बघ. त्या दिवशी मला..." आणि थांबायचे. "त्या दिवशी, खरं म्हणजे..." पुन्हा थांबायचे. वाक्य कधी पुरं झालं नाही. चौतीस वर्षं तासभर न थांबता बोलणारा माणूस तिसऱ्या शब्दाला अडकायचा. मला त्यांच्याबद्दल माया वाटू लागली ती तिथे.

बाराव्या दिवशी दुपारी माझी चीर उघडली.

कशामुळे, हे मी नक्की सांगू शकत नाही. भिंत नेहमीएवढीच तापली होती. कदाचित आठवडाभराचा थकवा असेल. कदाचित दुसरं एखादं बूच टिकलं असतं. तांदळाच्या दाण्याएवढा मी पुढे सरकलो, वरचं मेण तडकलं आणि माझ्या कुशीतून एक लाल धार वर चढून मेणाबाहेर आली. एकच थेंब. पण बाहेर जायची वाट झाली म्हणजे आत यायचीही झाली.

काकू फडकं टाकायला आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि हाक मारली, "अहो. तुमची बाटली रडतेय."

सर धावत आले. थेंब पाहिला. मग त्यांनी भिंतीला तळहात लावला, आणि काढलाच नाही. पलीकडे बॉयलर घुमत होता. उष्णता एका पदार्थातून दुसऱ्यात कशी जाते, हे त्यांनी चौतीस वर्षांत किती मुलांना शिकवलं असेल.

"भिंत गरम आहे," ते म्हणाले.

काकूंनी हातातलं फडकं नुसतं झटकलं. "फोन करा भाऊजींना. सांगून टाका. माणूस आहे, समजून घेईल."

"करतो."

त्यांनी फोन केला नाही. आधी बाटली झोपायच्या खोलीतल्या कपाटात तळाशी नेली, स्वेटरांच्या मागे. काकू भाजी आणायला गेल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला. त्यात लाखेची एक कांडी होती, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर मोहोर करण्यासाठी वापरायची ती, निवृत्त होताना घरी आलेली. थेंब त्यांनी रुमालाने टिपला. अंगठ्याने मला खाली दाबलं. मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली आणि माझ्या डोक्यावरच्या भेगेवर थेंबाथेंबाने सोडली. काम सुबक झालं. रंगही जवळपास जुळला.

मग खुर्चीत बसून ते म्हणाले, "चौतीस वर्षं गठ्ठे बांधले. कोणी आतलं बदलू नये म्हणून."

त्या लाखेखाली मी नऊ दिवस पडून होतो. आता जागा गार होती, अंधार होता, थरथर नव्हती. जिथे पहिल्या दिवशी ठेवायला हवं होतं, तिथे आम्ही आता होतो. पण वाइन ती राहिली नव्हती. तिचा ताजेपणा गेला होता, उकडलेल्या फळासारखा जड वास धरला होता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि सर रोज सकाळी कपाट उघडून माझ्याकडे बघायचे तेव्हा वाटायचं, त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी वही बंद केली होती. वाक्याची तयारीही.

एकविसाव्या दिवशी अकराच्या सुमारास धाकटा आला.

"वहिनी, बारीक झालात," तो आत येता येता म्हणाला.

"तुमच्या दादांची काळजी वाहून. तीन आठवडे एका बाटलीच्या मागे आहेत. माझ्या बाळंतपणात इतके जागले नव्हते."

"दादा," धाकटा म्हणाला आणि वाकला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला, जणू तीही गरम असेल.

टेबलावर तीन पेले मांडले होते. धाकट्याने बाटली हातात घेतली, चाकूच्या पाठीने मेण फोडलं. वरची लाख वेगळी निघाली आणि खालचं मेण वेगळं. तो थांबला. दोन्ही तुकडे त्याने बोटांत चोळले, बशीच्या कडेला ठेवले. मग बूच काढायचं मळसूत्र माझ्यात शिरलं. दुखतं म्हणाल तर दुखतं, पण त्या दिवशी मला ते बरं वाटलं. कोणी तरी शेवटी आत शिरून बघत होतं.

मी बाहेर आलो. धाकट्याने मला नाकाशी धरलं. माझ्या कुशीवरून खालपासून वरपर्यंत गेलेल्या लाल रेषेवर त्याने अंगठा फिरवला. ज्याने आयुष्यातली अकरा वर्षं बुचं बसवण्यात घालवली, त्याला ती रेषा वाचायला चष्मा लागत नाही. एवढं सगळं लिहिलं होतं माझ्यावर, आणि मला लाजेने लपायलाही जागा नव्हती.

आणि त्याने मला लपवलं. सरळ सदऱ्याच्या खिशात टाकलं.

पुढचं मी खिशातून ऐकलं. ओतल्याचा आवाज. एक घोट.

"नाही जमली या वेळी, दादा," धाकटा म्हणाला. आवाज हसरा होता, पण माझ्या शेजारीच त्याची छाती होती आणि ती हसत नव्हती. "कुठे तरी माझंच चुकलं. तू तेव्हा म्हणालास तेच खरं. काचा पुसायला तरी चालेल का, वहिनी?"

मला वाटतं, काकू नवऱ्याकडे बघत असाव्यात.

आता फक्त गप्प बसायचं होतं. दोष देणारा कोणी नव्हता, पुरावा खिशात होता, आणि अकरा वर्षांपूर्वीचा शब्दही खरा ठरत होता. एका घोटात सगळं सुटत होतं. मी मनात म्हणालो, सर, बोलू नका. हे मी का म्हणालो याची मला आज सर्वांत जास्त शरम वाटते. ते बोलले असते तर मीही उघडा पडलो असतो, म्हणून म्हणालो.

खुर्ची मागे सरकली.

"ते बूच दे."

"कुठलं बूच?"

"खिशातलं. दे इकडे."

धाकट्याने मला काढून टेबलावर ठेवलं. सरांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागले, पण आवाज वर्गातला नव्हता. "ही रेषा बघ. वाइन तापली, पसरली, हिच्यावाटे बाहेर आली. आठवडाभर मी ती लाँड्रीच्या भिंतीला लावून ठेवली. तुझी वहिनी नको म्हणत होती. माझ्याकडे मापं होती, सकाळी सातची. दुपारी एकदाही मोजलं नाही. ती लाख माझी आहे. तुझं काही चुकलेलं नाही."

"हो," धाकटा म्हणाला. "लाख ओळखली मी. मी शाळकरी असताना तुझ्या गठ्ठ्यांच्या गरम लाखेवर फुंकर मारायला मीच बसायचो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का बघत होतो. अकरा वर्षं बघितली, आणखी पाच मिनिटं काय."

सर खाली बसले. मी त्यांच्या मुठीत होतो. "हे बघ," ते म्हणाले. "त्या दिवशी मला..." आणि थांबले. मला ती जागा पाठ होती. मी जीव मुठीत धरून, म्हणजे त्यांच्याच मुठीत, वाट बघत राहिलो.

"त्या दिवशी मला सर्दी होती," सर म्हणाले. "नाक गच्च. वास नाही, चव नाही. पेल्यात पाणी असतं तरी कळलं नसतं. मी घरून ठरवून आलो होतो काय म्हणायचं ते. नोकरी सोडलीस याचा राग होता. लोक हसले तेव्हा बरंही वाटलं. परतताना गाडीतच कळलं की मी काय केलं. उतरून मागे यायला हवं होतं. नाही आलो."

पलीकडे बॉयलर चालू होता.

"सर्दी," धाकटा शेवटी म्हणाला. "दादा, तुझ्या त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं द्राक्षाची जात बदलत बसलो."

"माहीत आहे."

"माहीत नाही तुला. ती पहिली चांगली होती रे."

सरांनी पेला ओढून घेतला, वास घेतला, घोट घेतला आणि तोंडात पुष्कळ वेळ धरून ठेवला. "ही शिजली आहे," ते म्हणाले. "पण खाली काही तरी आहे. काळ्या मनुकांसारखं. आणि ओल्या लाकडासारखं. बरोबर?"

"बरोबर." धाकट्याने डोळे पुसले की नाक, ते मला मुठीतून दिसलं नाही. "तेच आहे. नीट असती तर ते पहिल्या घोटात आलं असतं."

"मी एकुलती एक बाटली घालवली तुझी."

"एकुलती? घरी सहाशे आहेत, दादा."

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. तीन पुस्तकं, पाच दिवसांची मापं आणि सहाशेतली एक बाटली. हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघांनी अर्धी बाटली संपवली. धाकट्याला संध्याकाळची गाडी होती. जाताना तो म्हणाला, "उरलेली फ्रीजमध्ये ठेव. उघडलेली लाल वाइन गार जागी तीनेक दिवस टिकते. प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढ. तिसऱ्या दिवशी मी चांगली बाटली घेऊन येतो, दोन्ही शेजारी ठेवून चव घे. या वेळी नाक मोकळं ठेवून."

काकूंनी मला पुन्हा गळ्यात बसवलं. फुगलेलं टोक जाईना, म्हणून सुकं टोक आत आणि ओलं बाहेर, असा उलटा. तळहाताने एक दणका दिला.

तर सध्या मी फ्रीजच्या दारात उभा आहे. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला अर्धं लिंबू. मधोमध मळसूत्राचं भोक आहे, कुशीत चीर आहे, आणि मागे अर्धी बाटली वाइन आहे जी माझ्यामुळे बिघडली. सर म्हणतात त्यांच्यामुळे. धाकटा म्हणतो भिंतीमुळे. मला निवडणारी ती बाई इथे असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे. तिने मला दुसऱ्या टोपलीत टाकायला हवं होतं असं मला वाटतं, आणि तसं झालं असतं तर ते वाक्य कधी पुरं झालं असतं का, असंही वाटतं. यातलं कुठलं वाटणं खरं आणि कुठलं सोयीचं, याचा निवाडा माझ्याकडून होत नाही.

तुमच्या घरी अशी बाटली आली तर माझं एक ऐका. गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा, आणि ती जागा दुपारीसुद्धा गार आहे का ते घरात दुपारी जो असतो त्याला विचारा. मग आम्हाला विसरून जा.

आज तिसरा दिवस. सकाळपासून फ्रीजसमोर चार वेळा चपला वाजल्या. चारही वेळा काकू म्हणाल्या, "अहो, दार उघडलंत की गारवा जातो. बाटलीला काय विचारायचंय? भावाला विचारा." आणि चारही वेळा दार न उघडता सरांनी फोन लावला.

आत्ताच पुन्हा लावला. दाराआडून मला ऐकू येतंय.

"कुठपर्यंत आलास? बरं. ये सावकाश." मग थोडा वेळ ऐकणं. "बाटली? असेल ठीक. मी बघितली नाही."

मी अंग ताठ करून बसलो आहे.